वासराचे पहिले ९० दिवस: चीक, हगवण आणि दुधाचा हिशोब

लहान गोठ्यात दोन चुका एकमेकींच्या मागे येतात. पहिल्या दिवशी चीक उशिरा आणि कमी मिळतो, म्हणून दुसऱ्या आठवड्यात हगवण लागते. मग औषधावर पैसे गेले म्हणून दुधात काटकसर केली जाते, आणि अशक्त झालेले वासरू पुन्हा आजारी पडते. कालवड जगली तरी तिची वाढ मागे पडते आणि पहिले वेत सहा-आठ महिने लांबते. हा खर्च कुठल्याच वहीत लिहिला जात नाही.

खालचा क्रम तीन ते दहा गाई असलेल्या गोठ्यासाठी आहे. आकडे एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) किंवा जर्सी संकरित वासराचे, जन्मवजन साधारण ३० किलो धरून दिले आहेत. म्हशीच्या पारड्यांसाठी जिथे फरक पडतो तिथे तसे सांगितले आहे.

## टप्पा १: गाय विण्याआधीची तयारी

तयारी विण्याच्या दोन महिने आधी सुरू होते. गाय ६० दिवस आधी आटवा. शेवटपर्यंत धारा काढत राहिलात तर चीक पातळ येतो आणि त्यातली रोगप्रतिकारक द्रव्ये कमी होतात. कास गच्च भरली म्हणून विण्याआधीच पिळून मोकळी करू नका. वासराच्या वाट्याचा सगळ्यात चांगला चीक त्यात निघून जातो.

शेवटच्या आठवड्यात गायीला कोरडी, उजेडाची, इतर जनावरांपासून थोडी बाजूची जागा द्या. खाली उसाचे पाचट किंवा भाताचा पेंढा घाला. मूत्राच्या गटाराजवळची जागा नको.

एका डब्यात हे सामान भरून ठेवा: टिंक्चर आयोडीन, रुंद तोंडाची छोटी बाटली, नवीन ब्लेड, उकळलेला दोरा, स्वच्छ गोणपाट, निपल असलेली दोन लिटरची बाटली, थर्मामीटर, शिंप्याची टेप, ओआरएसच्या चार-पाच पुड्या आणि एक वही. डॉक्टरांचा नंबर आणि १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. गाय अनेकदा रात्री विते आणि त्या वेळी फोन शोधायला वेळ नसतो.

तपासणी: जिथे वासरू बसणार तिथे गुडघे टेकून अर्धा मिनिट बसा. गुडघे ओले झाले तर पाचट बदला. वासरू मोठे होईपर्यंत ही तपासणी रोज करायची आहे.

## टप्पा २: जन्मानंतरचा पहिला अर्धा तास

क्रम असा: श्वास, मग बेंबी, मग चीक.

नाकातोंडातला चिकट स्राव हाताने काढा. वासराला आडवे पडू देऊ नका, पुढचे पाय दुमडून छातीवर बसवा. दोन्ही फुप्फुसे नीट उघडतात. श्वास लागत नसेल तर गवताच्या काडीने नाकपुडीत आतून गुदगुल्या करा, कानात थोडे गार पाणी घाला आणि गोणपाटाने अंग जोरात चोळा. मागचे पाय धरून उलटे टांगून ठेवायची सवय सोडा. पोटातल्या अवयवांचा भार छातीच्या पडद्यावर येतो आणि श्वास घेणे उलट अवघड होते.

श्वास सुरळीत झाला की गायीला चाटू द्या. तोवर बेंबीकडे वळा. ती आपोआप तुटली असेल तर बांधायची गरज नसते. लांब लोंबत असेल किंवा रक्त येत असेल तर पोटापासून दोन इंचांवर उकळलेल्या दोऱ्याने बांधा आणि गाठीच्या खाली नव्या ब्लेडने कापा. मग छोट्या बाटलीत टिंक्चर आयोडीन घेऊन पूर्ण बेंबी त्यात बुडवा. वरून कापसाने पुसल्याने आतला भाग तसाच राहतो. हेच पुढचे तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ. वापरलेले आयोडीन परत मोठ्या बाटलीत ओतू नका.

इशारा: बेंबीवर हळद, राख किंवा शेण लावू नका. बेंबीतून गेलेला जंतू रक्तात उतरतो आणि आठ-पंधरा दिवसांनी गुडघे सुजलेले, लंगडणारे वासरू समोर येते. ते पूर्ण बरे होणे फार कठीण असते.

## टप्पा ३: चीक, किती आणि कधी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून थोडे सविस्तर.

गायीच्या गर्भाशयातून वासराला रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत. वासरू त्या बाबतीत कोरडे जन्मते, आणि जे मिळते ते चिकातूनच. ती द्रव्ये जशीच्या तशी रक्तात शोषण्याची आतड्याची क्षमता जन्मल्याबरोबर सर्वात जास्त असते, दर तासाला घटते आणि २४ तासांत जवळजवळ संपते. दुसऱ्या दिवशी भरपूर चीक पाजून पहिल्या दिवसाची चूक भरून निघत नाही.

वार (विल्यानंतर गर्भाशयातून बाहेर पडणारी झिल्ली) पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही, ही समजूत अजून गावोगाव आहे. वार पडायला आठ ते बारा तासही लागू शकतात. तेवढ्यात वासराची निम्म्याहून जास्त संधी गेलेली असते. वारीचा आणि चिकाचा असा काही संबंध नाही. उलट वासराने सड ओढले किंवा धार काढली की गर्भाशय आकुंचन पावते आणि वार पडायला मदतच होते.

कास कोमट पाण्याने धुऊन पुसा, प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा बाहेर सोडा, मग चीक काढा आणि बाटलीने पाजा. ३० किलोच्या वासराला पहिल्या दोन तासांत दोन लिटर. सहा ते आठ तासांनी दीड लिटर. १२ तासांच्या आत आणखी जेवढा पिईल तेवढा. वजनाच्या दहा टक्के, म्हणजे तीन लिटर, ही किमान मर्यादा समजा.

‘वासरू आपोआप पिते की’ यावर विसंबू नका. संकरित गायीची कास खाली लोंबते, वासरू वर शोधत राहते, आणि प्यायले तरी किती प्यायले ते कळत नाही. बाटलीवर मात्र लिटर दिसतात.

चीक चांगला आहे की नाही हे नुसते घट्टपणावरून ठरत नाही. नाशिक-सांगलीकडे द्राक्षाची गोडी पाहायला ब्रिक्स मीटर ज्यांच्या घरी असतो, त्यांनी तोच वापरावा: चिकाचा एक थेंब काचेवर टाका, रीडिंग २२ किंवा जास्त आले तर चीक उत्तम. कमी आले तर प्रमाण वाढवा किंवा दुसऱ्या गायीचा साठवलेला चीक द्या. वापरून झाल्यावर काच लगेच धुवा.

पहिल्या दिवसाचा उरलेला चांगला चीक एक लिटरच्या बाटल्यांत भरून, तारीख लिहून फ्रीझरमध्ये ठेवा. वर्षभर टिकतो. गाय दगावली, कासदाह झाला किंवा पहिलारू गायीला चीक कमी आला तर हीच बाटली वासराला वाचवते. वितळवताना बाटली हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात ठेवा. उकळला की चिकाचा खरवस होतो आणि त्यातली संरक्षक द्रव्ये निकामी होतात. शेजारीपाजारी खरवसासाठी चीक मागतात, तो आनंदाने द्यावा. फक्त वासराचा आणि फ्रीझरचा वाटा आधी काढून.

तपासणी: २४ तासांच्या आत काळपट, चिकट पहिले शेण पडले का? वासरू स्वतः उभे राहते का? दोन्हीपैकी एकाचे उत्तर ‘नाही’ असेल तर डॉक्टरांना फोन करा.

गोऱ्हा झाला म्हणून चीक टाळू नका. उपाशी, आजारी गोऱ्हा त्याच गोठ्यात हगवण पसरवतो आणि शेजारची कालवड आजारी पडते. गोऱ्हे नको असतील तर त्याचा उपाय रेतनाच्या वेळी लिंगनिर्धारित वीर्यमात्रा वापरणे हा आहे.

## टप्पा ४: दूध पाजण्याची पद्धत

पहिले पाच दिवस चीकच पाजा. डेअरीत तो चालतही नाही. सहाव्या दिवसापासून रोज चार लिटर दूध, दोन लिटर सकाळी आणि दोन संध्याकाळी. निफाड-दिंडोरीसारख्या भागात थंडीत पारा एक आकडी होतो. तिथे रोज अर्धा ते एक लिटर जादा द्या आणि रात्री अंगावर गोणपाट बांधा. लहान वासराला १५ अंशांच्या खालची थंडी शरीरातली ताकद खर्च करूनच सोसावी लागते.

दूध धारोष्ण किंवा तेवढेच कोमट, ३८-३९ अंश. वेळ रोज तीच. वासरू उभे, बाटली गायीच्या कासेच्या उंचीवर, मान किंचित वर. असे पिताना अन्ननलिकेजवळची पन्हळ मिटते आणि दूध पहिल्या पोटात न सांडता थेट चौथ्या, पचनाच्या पोटात जाते. निपल उलटे धरल्यावर थेंब पडले पाहिजेत. धार लागत असेल तर भोक मोठे झाले आहे, निपल बदला.

तीन गोष्टी कधीही नकोत. दुधात पाणी घालणे, कारण पोषण घटते आणि दही नीट जमत नाही. कासदाहाचे किंवा औषध चालू असलेल्या गायीचे दूध. आणि तोंड वर करून बांबूच्या नळकांड्याने काहीही ओतणे. त्यातला घोट फुप्फुसात गेला की न्यूमोनिया ठरलेला.

बाटली धुण्याचाही क्रम आहे. आधी कोमट पाण्याने विसळा, मग कडक गरम पाणी आणि साबणाने ब्रशने घासा, मग उन्हात उलटी वाळवा. सुरुवातीलाच उकळते पाणी घातले तर दुधाचा थर आत चिकटून बसतो आणि त्यात जंतू वाढतात. पाजण्याचा क्रम सर्वात लहान वासरापासून मोठ्याकडे ठेवा. आजारी वासरू सर्वात शेवटी, वेगळ्या बाटलीने.

## टप्पा ५: पाणी आणि सुग्रास, सातव्या दिवसापासून

‘दूध पितंय ना, मग पाणी कशाला?’ याचे उत्तर पोटाच्या रचनेत आहे. दूध चौथ्या पोटात जाते, पण सुग्रास, म्हणजे धान्य-पेंडीचा खुराक, पहिल्या पोटात आंबतो आणि त्या आंबण्याला पाणी लागते. पाणी नसेल तर वासरू सुग्रास खात नाही, आणि सुग्रास खात नाही तोवर दूध तोडता येत नाही. पहिल्या आठवड्यापासूनच स्वच्छ पाण्याची बादली समोर हवी. दुधानंतर लगेच ढसाढसा पिऊ नये म्हणून अर्ध्या तासाने ठेवा.

सातव्या दिवशी दूध पिऊन झाल्यावर चिमूटभर वासरांचा सुग्रास ओल्या तोंडाला लावा आणि मूठभर उथळ घमेल्यात ठेवा. रोज उरलेला काढून ताजा घाला. काढलेला गायीला द्या, वाया जात नाही.

विकतचा घेताना पिशवीवर ‘वासरांसाठी’ असे आहे का आणि प्रथिने २० टक्क्यांच्या वर आहेत का ते वाचा. घरी करायचा असेल तर १०० किलोसाठी मका भरडा ५०, सोयाबीन पेंड ३५, गव्हाचा भुसा १२, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो. सोयाबीन महाग असेल तेव्हा निम्मी शेंगदाणा पेंड चालते, पण बुरशीचा वास येणारी एक मूठही नको.

इशारा: मोठ्या गाईंची गोळी पेंड वासराला देऊ नका, काहींत युरिया असतो. सरकी पेंडही तीन-चार महिन्यांपर्यंत नको; तिच्यातले गॉसिपॉल लहान वासराला बाधते.

चाऱ्याची घाई नको. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून थोडा सुकवलेला लसूण घास चघळायला बांधा. पहिले पोट आतून तयार होते ते सुग्रासामुळे. नुसत्या कडब्यावर वाढलेल्या वासराचे पोट मोठे दिसते आणि पाठीची हाडे वर येतात. मुरघास तीन महिन्यांनंतर.

## टप्पा ६: हगवण लागली तर

आधी वय पाहा. पहिल्या चार दिवसांत पाण्यासारखी हगवण बहुधा ई. कोलाय जंतूची असते आणि ती झपाट्याने जीव घेते. पाच ते पंधरा दिवसांत रोटा, कोरोना हे विषाणू आणि क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी. तीन आठवड्यांनंतर कुंथून रक्त-शेंब पडत असेल तर कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीचा संशय. त्यावर जंताचे औषध लागू पडत नाही. शेणाचा नमुना डबीत घालून दवाखान्यात द्या.

कारण कोणतेही असो, वासरू मरते ते बहुतेक वेळा शरीरातले पाणी आणि क्षार संपल्याने. म्हणून पहिले काम ओआरएस. वासरांसाठीची इलेक्ट्रोलाइट पावडर उत्तम. मध्यरात्री ती नसेल तर माणसांची एक लिटरची पुडी एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात विरघळवा. एका वेळी दीड ते दोन लिटर, दिवसातून दोन-तीनदा.

दूध बंद करू नका. हगवणीत दूध तोडणे ही सर्वात महागात पडणारी चूक आहे. पाण्याने तहान भागते, ताकद येत नाही, आणि दोन दिवसांत वासरू उपासमारीनेच खचते. दूध नेहमीच्या वेळी द्या, हवे तर थोडे थोडे तीन वेळा विभागून. ओआरएस दुधात मिसळू नका. दोन्हींत दोन तासांचे अंतर ठेवा.

तपासणी: मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. दोन सेकंदांत पूर्ववत झाली तर ठीक. त्याहून वेळ लागला, डोळे आत गेले, तोंडात बोट घातल्यावर चोखत नाही, तोंड आतून गार लागते, वासरू उठत नाही, किंवा अंगाचे तापमान १०० फॅरेनहाइटच्या खाली आहे, यांतले काहीही दिसले तर शिरेतून सलाईन लागते. थांबू नका, डॉक्टरांना बोलवा. चोखण्याची ताकद नसलेल्या वासराच्या तोंडात ओआरएस ओतायलाही जाऊ नका.

मागच्या वेळच्या उरलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्या देऊ नका. विषाणू आणि परजीवींवर त्या चालत नाहीत. वासरू वेगळे बांधा, पाचट बदला, चुना मारा. हात साबणाने धुवा आणि लहान मुलांना तिथे जाऊ देऊ नका, यातले काही आजार माणसांना होतात.

## टप्पा ७: जंत, खोकला आणि गोचीड

गोल जंत आईच्या दुधातून वासरात येतात. पारड्यांत हे प्रमाण फार मोठे असते. म्हणून पहिले जंतनाशक १० ते १६ दिवसांच्या वयात, डॉक्टरांनी वजनावर ठरवलेल्या मात्रेत द्या. त्यानंतर सहा महिन्यांपर्यंत त्यांच्या सल्ल्याने ठरावीक अंतराने. वासरू माती, भिंत चाटत असेल तर जंत आणि क्षारांची कमतरता दोन्ही तपासा. नुसते मुसके बांधल्याने कारण तसेच राहते.

डासांसाठी संध्याकाळी बंद गोठ्यात धूर करतात. वासराच्या फुप्फुसांना तो बाधतो. धुराऐवजी मच्छरदाणी लावा आणि वरच्या बाजूने हवा खेळती ठेवा. वासराच्या उंचीवर वाकून श्वास घ्या. मूत्राच्या वाफेने डोळे चुरचुरले तर त्यालाही तेच होते आहे. निरोगी वासराच्या अंगाचे तापमान १०१.५ ते १०३ फॅरेनहाइट असते. १०४ आणि जोडीला खोकला, नाकातून घट्ट शेंबूड, जलद श्वास असेल तर त्याच दिवशी उपचार हवा.

ताप फार, खांद्यासमोरची गाठ सुजलेली, डोळ्यांच्या आतली कातडी पांढरट आणि अंगावर गोचीड, असे दिसले तर थायलेरियाचा संशय घ्या. संकरित वासरांत हा गोचीडताप जीवघेणा आहे. वासराइतकेच भिंतीच्या भेगांकडेही लक्ष द्या. गोचीड अंडी तिथे घालतात.

शिंगकळ्या १५ ते २१ दिवसांत, भूल देऊन, डॉक्टरांकडूनच जाळून घ्या.

## टप्पा ८: दूध तोडणे आणि खर्चाचा हिशोब

रोजचे दूध कमी करून बचत होत नाही; दुधाचे दिवस कमी करून होते.

सहाव्या ते ४५ व्या दिवसापर्यंत रोज ४ लिटर म्हणजे १६० लिटर. ४६ ते ६० रोज ३ लिटर, ४५ लिटर. ६१ ते ७५ फक्त सकाळी २ लिटर, ३० लिटर. एकूण २३५ लिटर. दूध ३० रुपये लिटर धरले तर ७,०५० रुपये. ९० दिवसांत सुमारे ५२ किलो सुग्रास लागतो, तो ४० रुपये किलोने २,०८० रुपये. दोन्ही मिळून ९,१३० रुपये. तुमच्या गावचे दर घालून हीच बेरीज करा.

आता नेहमीची पद्धत पाहा: वासरासाठी एक सड सोडायचा. १२ लिटरच्या गायीचा एक सड म्हणजे साधारण ३ लिटर. चार महिने सोडला तर ३६० लिटर, १०,८०० रुपये. पैसे जास्त गेले, आणि पहिल्या महिन्यात गरज चार लिटरची असताना वासराला तीनच मिळाले.

दूध पावडरीचा हिशोबही आधी कागदावर करा. साधारण १२५ ग्रॅम पावडरीत एक लिटर होते, म्हणजे एका किलोत आठ लिटर. पावडरीच्या किलोच्या दराला आठने भागा. २०० रुपये किलो असेल तर २५ रुपये लिटर. बचत लिटरमागे पाचच रुपये. द्यायचीच असेल तर तीन आठवड्यांनंतर, हळूहळू बदलत, पिशवीवरच्या प्रमाणातच. स्वस्तात पडावे म्हणून पातळ केली तर वरचा टप्पा ६ सुरू होतो.

तपासणी: वयाच्या तारखेवर दूध तोडू नका. वासरू सलग तीन दिवस रोज एक किलो सुग्रास खाते का ते पाहा. खात नसेल तर दूध आणखी आठवडाभर चालू ठेवा आणि पाण्याची बादली तपासा. बहुतेक वेळा चूक तिथे सापडते. दूध तोडणे, जागा बदलणे आणि शिंगकळ्या जाळणे एकाच आठवड्यात करू नका.

## टप्पा ९: वजन आणि लस

महिन्यातून एकदा टेप लावा. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंतची लांबी, दोन्ही इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलोत वजन. घेर ३७ आणि लांबी ३३ आली तर ६८ किलो. ९० दिवसांच्या संकरित कालवडीचे वजन ६५ ते ७० किलो असावे. दोन मापांतली वाढ रोज ४०० ग्रॅमच्या खाली असेल तर आधी सुग्रास किती उरतो ते पाहा, मग शेण तपासून घ्या.

चौथ्या महिन्यात कानात १२ अंकी बिल्ला आणि लाळ्या-खुरकुताची पहिली लस. घटसर्प आणि फऱ्याची लस सहाव्या महिन्यापासून, पावसाळ्याआधी. सांसर्गिक गर्भपाताची, म्हणजे ब्रुसेलाची लस फक्त कालवडींना, चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच. ती जिवंत लस आहे आणि माणसाला बाधू शकते, म्हणून कुपी किंवा सुई घरच्यांनी हाताळू नये. लस दिल्याची तारीख आणि बिल्ल्याचा क्रमांक वहीत त्याच दिवशी लिहा. वयाचे आठ महिने उलटले की ब्रुसेलाची लस देता येत नाही.